अण्णांचं उघडं राहिलेलं काम

अण्णांच्या मुलाचा, सतीशचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होते. ‘अण्णा गेले.’ मी इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली, पुसली... आणि डबा तसाच बंद करून साखर पेठेत त्यांच्या घरी गेले.

नरसय्याअण्णा आमचे शेजारी. चादरींची नक्षी कॉम्प्युटरवर करून द्यायचे आणि त्याच टेबलावर पेठेतल्या लोकांच्या बिघडलेल्या डिस्क दुरुस्त करायचे. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि डिस्कशी लिनक्स, असं स्वतःच म्हणायचे. बारावीनंतर मी त्यांच्याकडे शिकायला बसू लागले. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी अडखळायचं. पण मागच्या खोलीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात माझं गप्प राहणं कुणाला खटकत नसे. अण्णांना तर नाहीच.

वीज गेली की विंडोजच्या डिस्क हमखास अडकायच्या. अण्णा त्या लिनक्सवर चालणाऱ्या आपल्या कॉम्प्युटरला लावत, आधी फक्त वाचण्यापुरत्या उघडत, सगळं दुसरीकडे उतरवून घेत आणि मगच दुरुस्तीला हात घालत. डिस्क उघडली की गिऱ्हाईक खूश होई. अण्णा मात्र बजावत, ही मलमपट्टी आहे, विंडोजवर नेऊन पुरती तपासून घ्या. कधी लिनक्स सांगे की विंडोज नीट बंदच झालेलं नाही, उघडी कामं डिस्कवर ठेवून नुसतं थांबलंय. डिस्कवर लिहायचं तर ती पुसावी लागतील. एका आज्ञेचं काम. पण अण्णा माणसाला परत पाठवत, घरात विचारून या म्हणत, कुणाचं काही उघडं राहिलंय का. एक टॉवेलवाला वैतागून म्हणाला होता, “डॉक्टरबी एवढं इचारत न्हाय की अण्णा.” अण्णा हसले, पण हात लावला नाही.

दिवसकार्य झाल्यावर सतीश अण्णांचा लॅपटॉप घेऊन आला. अण्णांना दवाखान्यात नेण्याच्या गडबडीत तो चार्जिंगलाच राहिला होता आणि विजेच्या झटक्यानं जळाला होता. डिस्क मात्र शाबूत होती. ऑर्डरींची नक्षी तिच्यात अडकली होती, माग थांबले होते. मी अण्णांच्याच टेबलावर बसून डिस्क लिनक्सला लावली, नक्षी उतरवून दिली, माग सुरू झाले. सतीशला आता तीच डिस्क नव्या कॉम्प्युटरमध्ये हवी होती. लिहायला गेले तर तोच निरोप... विंडोज बंद झालेलं नाही. पुसून टाक, सतीश म्हणाला. मी आत काकूंना विचारायला गेले.

सतीशची आई मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. मी जमेल तसं सांगितलं, की अण्णा शेवटी जे करत होते ते यात तसंच आहे. पण ते फक्त त्याच लॅपटॉपवर उघडलं असतं, आणि तो जळाल्यामुळे आता कधीच बघता येणार नाही. पुसलं तर डिस्क कामाला येईल.

काकूंनी हातातली कांडी पुरती भरली.

“त्या दिवशी मी जेवायला हाक मारली होती,” त्या म्हणाल्या. “आलोच म्हणाले. ...हाय तसं ऱ्हाऊ दे, पोरी.”

सतीशनं नवी डिस्क आणली. जुनी अण्णांच्या टेबलावरच आहे. काकू रोज टेबल पुसताना ती उचलतात, खालची धूळ झटकतात आणि होती तिथंच ठेवतात.