ट्रॅक्टरवरची पांढरी पट्टी

चिरलेल्या कांदा-कैरीचा वास आला की ती भेळ आठवती. वालचंदनगरच्या बाजारातनं शेळगावला येताना आमी नवराबायकोनं रस्त्याकडंला गाडी लावून एका कागदात खाल्ली, दोघांनी मिळून केलेलं तेवढंच शेवटचं. मिरच्या तिनं माझ्याकडं सरकवल्या, म्हणली, "तुमी खा, तसंबी तोंड तिखटच हाय तुमचं." दिवस बुडाला हुता. ती उठून लुगड्यावरचं चुरमुरं झाडत हुती, तवर समोरनं दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर आला. टपावर एलईडीची लांब पट्टी, पांढरीफेक अन् सारखी लुकलुकणारी. ह्या पट्ट्यांनी रस्ता उजळतो म्हणत्यात, समोरच्याला मात्र आंधळं करत्यात. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. "अवो, हात द्या, मला काय दिसंना," म्हणली. मलाबी दिसंना. मी हात पुढं केला, तो मोकळाच राहिला. ती चुकून रस्त्यावर सरकली अन् मागच्या ट्रॉलीखाली गेली. सकाळी दवाखान्यातनं तिला घरी आणली. दारात पोराचा ट्रॅक्टर उभा, त्याच्यावरबी तसलीच पट्टी, हौसेनं बसवलेली. मी पाना घेऊन वर चढलो. पोरगं म्हणलं, "आबा, लोकं थांबल्यात. मागनं काढू." म्हणलं, "थांबू देत." नट घट्ट हुते, तरी काढले. वायर तोडून पट्टी खाली टाकली अन् पोराला म्हणलं, "आता धर मडकं."