मटणाचा रस्सा आणि वाटीभर आंबेमोहोर

डॉक्टरांनी काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. बघता बघता औषध विटेसारखं लाल झालं.

"बाई, तुम्हाला डायबिटीस आहे. म्हणजे मधुमेह. खाल्लेली साखर अंगी न लागता लघवीवाटे जाते."

लोणावळ्याच्या त्या दवाखान्यात मी पायाच्या अंगठ्याची जखम दाखवायला गेले होते. ती काही केल्या भरत नव्हती. तहान तर अशी, की कळशीच तोंडाला लावावी.

"अंगठा काढावा लागंल का?" माझ्या यजमानांनी विचारलं. ते रेल्वेत सांधेवाले होते, गाड्यांचे रूळ बदलायचे.

"आधी इन्सुलिन देऊन बघू. शरीरात जो रस कमी पडतो, तो सुईनं द्यायचा. गोड बंद. भात थोडा."

माझं माहेर वराळ्याचं. आमच्या खाचरात आंबेमोहोर पिकायचा, आणि माझ्या हातच्या मटणाचं गावभर नाव होतं. भात थोडा म्हणजे किती, हे विचारायचं मला सुचलंच नाही. घाबरून मी भात, भाकरी दोन्ही सोडलं. यजमान सकाळी सुई उकळून टोचायचे. सांधे ओढून राठ झालेले ते हात, पण सुई धरताना फार हलके व्हायचे. ते कामावर गेले, की मी ताकावर दिवस काढायची.

एकदा वाटण वाटताना हात थरथरायला लागले. दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. नशिबानं यजमान घरी होते. त्यांनी टांग्यातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी साखरेचं पाणी पाजलं.

"साखरंचाच आजार, आन् साखरच पाजताय?" यजमान गोंधळले.

"इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं, तर रक्तातली साखर एकदम उतरते. जीवावर बेततं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, जेवायला काय आवडतं?"

"मटान आन् भात," मी बोलून गेले.

"मग खा की! मटणानं साखर फारशी चढत नाही. तेल बेतानं घाला, सोबत मेथीची भाजी घ्या. भात मात्र एक वाटी, रोज तेवढाच. आणि जेवणाची वेळ चुकवायची नाही."

त्या रविवारी मी भीत भीत पहिला घास घेतला. डॉक्टरांनी नळीची तपासणी यजमानांना शिकवली होती. ते चुलीपुढे नळी तापवत बसले आणि ओरडलेच, "लाल न्हाई गं! जरा हिरवट हाय, बास! साखर थोडीच!"

हळूहळू जखम सुकली. अंगठा वाचला.

ज्यांना हा आजार निघेल, त्यांना माझं सांगणं एवढंच: घाबरून ताट दूर सारू नका. सुई आणि जेवण यांचा मेळ आपल्या डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. माझ्या डॉक्टरांनी माझा जीव वाचवला, आणि जेवणाची गोडीही परत दिली.

पुढच्या जत्रेला माहेरी मीच मटण शिजवलं. वाटीभर भातावर रस्सा घेऊन पंगतीत बसले. वहिनी बघतच राहिली.

"वन्सं, आजारी माणूस आसं जेवतं व्हय?"

"आजार हाय, म्हणूनच येळंवर जेवते," मी म्हणाले. "रस्सा वाढ आजून. भात नगं."