सरपंचबाईंचा नंबर

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की अड्याळमधल्या माझ्या घरापुढच्या छपरीत चपलांचा ढीग पडतो. मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. पण त्या दिवसांत लोक गणितासाठी येत नाहीत. ‘मॅडम, नंबर लागेल का?’ एवढं एकच विचारायला येतात. कुणाला नागपूरचं सरकारी इंजिनिअरिंग हवं असतं, कुणाला पुण्याचं, कुणाला मेडिकल. मी मार्क पाहते, मागच्या वर्षी कुठली जागा कितीवर बंद झाली ते पाहते आणि सांगते. होईल, किंवा काठावर आहे, किंवा आशा धरू नको. शेवटचं सांगताना मलाही जड जातं, पण खोटी आशा दिली तर पोरगं हातचं कॉलेजही घालवून बसतं.

तीन-एक वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, म्हणजे निकालांचा हंगामच नसताना, एका रविवारी सकाळी शेजारच्या गावच्या सरपंचबाई आल्या. खरं तर त्यांची सरपंचपदाची मुदत संपून गेली होती, पण गाव अजून त्यांना सरपंचबाईच म्हणत होतं. चाळिशीच्या आसपासच्या, उंच, काटक. त्यांची मुलगी माझ्या बारावीच्या वर्गात होती. नवरा वरठीच्या कारखान्यात कामाला, घरी थोडी धानाची शेती. मला वाटलं, मुलीचं विचारायला आल्या.

चहा झाल्यावर मी म्हटलं, “पोरगी चांगली आहे ताई, थोडी चाचणीत घाबरते. तिला कशाला घालायचा विचार आहे?”

“पोरीचं नाही जी मॅडम,” त्या म्हणाल्या. “माह्यं विचारायले आली.”

“तुमचं?”

“वकिलीचं. नागपूरच्या त्या जुन्या कॉलेजात माह्या नंबर लागेल का?”

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. बारावीनंतर लग्न झालेलं, मग मुलं, मग शेती. मुक्त विद्यापीठातून त्यांनी बी.ए. पूर्ण केल्याचं मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या मुलीनंही वर्गात कधी सांगितलं नव्हतं. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या वकिलीला वयाची अट नाही, एवढं त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं.

“पण वकिलीच काहून?” मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझंही बोलणं आपोआप घरच्यासारखं होतं.

त्यांनी पदर सारखा केला. “पाच वर्षं सरपंच होती मी. प्रत्येक कागदावर सही माही आन बोलणं दुसऱ्याचं. तहसीलात गेली की साहेब आमच्या यांच्याकडं पाहून बोले. वाईट कोणी नव्हतं जी. पण कायद्याचा शब्द आला की मी चूप. आता मले चूप नाही राहायचं.”

यावर होईल, न होईल, काय सांगणार? परीक्षाच दिलेली नव्हती. म्हणून मी प्रवेश परीक्षेचा एक जुना पेपर काढला, छपरीत टेबल लावलं आणि म्हटलं, “सोडवा. मग बोलू.” माझा स्वयंपाक होईपर्यंत त्या मान खाली घालून लिहीत होत्या. एकदा फक्त पाणी मागितलं.

तपासला, तर कायद्याचं आणि सामान्य ज्ञानाचं इतकं नेमकं, की मी दोनदा उत्तरं पडताळून पाहिली. तर्काचे प्रश्न बरे. इंग्रजी मात्र साफ बुडालेलं.

“खरं सांगू का?” मी म्हटलं.

“खोटं ऐकायले कायले येईन मी येथवर?”

“आज परीक्षा झाली तर भंडाऱ्याच्या कॉलेजात लागेल. नागपूरला नाही. इंग्रजी सुधारलं तर काठावर याल. काठावर म्हणजे काठावरच, त्याच्या पुढचं मी आज बोलणार नाही.”

त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. त्या हसल्या. “काठावर तरी आहे ना? मंग येते मी पुढच्या रविवारी.”

आणि त्या आल्या. पुढचा रविवार, त्याच्या पुढचा, असं करत उन्हाळा लागेपर्यंत. मी गणिताची बाई, इंग्रजी व्याकरण मलाही पुन्हा उघडून बसावं लागलं. त्या मोठ्यानं वाचायच्या, अडल्या की थांबायच्या आणि तोच शब्द जमेपर्यंत सोडायच्या नाहीत. माझ्या वर्गात त्यांची मुलगी हसत सांगायची, “मॅडम, घरी आता मीच आईले विचारतो, अभ्यास झाला का म्हणून.” आमच्याकडे पोरीही ‘मी करतो, मी जातो’ असंच बोलतात. पण त्या पोरीच्या आवाजात जी ऐट होती, ती मी तेव्हाच हेरली. आईमुळे ती स्वतःही जास्त वेळ बसायला लागली होती.

परीक्षा नागपूरला झाली. निकाल लागला त्या दिवशी सरपंचबाई बसनं आल्या. मी मार्क पाहिले, मागच्या वर्षीचे आकडे पाहिले, त्यांच्या प्रवर्गातल्या महिलांच्या जागा पाहिल्या. इंग्रजीत कुठल्या कुठे पोचल्या होत्या. तरीही नागपूरची ती जागा मागच्या वर्षी जिथं बंद झाली होती, त्याच्या त्या जराशा खालीच होत्या.

“काठावर,” मी म्हटलं. “पण काठाच्या अलीकडे.”

“वर नागपूरच टाका,” त्या म्हणाल्या. “खाली भंडारा.”

पसंतीक्रम भरताना हेच बरोबर असतं. जे हवं ते वर. मी दर वर्षी हे पोरांना घसा कोरडा होईपर्यंत सांगते आणि अर्धी पोरं भीतीनं उलटंच करतात. बाईंना एकदाही समजवावं लागलं नाही.

पहिल्या फेरीत भंडारा मिळालं. गावात पेढे वाटायची भाषा सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे यजमान मोटारसायकलवर माझ्या दारात. पहिली पाळी संपवून वरठीहून थेट आले होते, अंगावर कारखान्याचाच शर्ट.

“मॅडम, पोरीची माय म्हणते की दुसऱ्या फेरीची वाट पाहीन. हातचं जाईल तर? लोक सांगून राहिले की भंडाऱ्याचं पक्कं करून टाका.”

मी त्यांना बसवलं. म्हटलं, “भंडाऱ्याची जागा त्यांच्या नावावर राहील. पुढच्या फेरीत नागपूर मिळालं तरच ही सुटेल. नाही मिळालं तर ही कुठं जात नाही.”

“असं?”

“असंच.”

“आन नागपूर मिळायचा किती भरोसा?”

“थोडा. पहिल्या फेरीनंतर काही जण दुसरीकडे निघून जातात, जागा खालच्या मार्कांपर्यंत सरकतात. किती सरकतील ते मला सांगता येत नाही.”

त्यांनी हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, “ग्रामसभेत मीच बोलत जावो, मॅडम. तिले येत नाही म्हणून नाही, मले सवय होऊन गेली होती. ती वाट पाहतो म्हणते तर पाहू द्या. नागपूर लागलं तर माह्या गाडीवर वरठी स्टेशनापर्यंत येईल, तेथून रेल्वे. माह्या पाळीचं नाही जमलं तर बस आहे.”

ते गेल्यावर मला धाकधूक सुरू झाली. माझ्या स्वतःच्या मुलाच्या वेळीही मी इतकी अस्वस्थ नव्हते.

दुसऱ्या फेरीचा निकाल ऐन रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आला. मी कॉलेजातून येऊन त्यांचं लॉगिन उघडलं आणि खुर्चीतून उठूनच उभी राहिले. नागपूर! फोन लावला तर उचलेना. घरी मुलगी होती, ती म्हणाली, “आई वावरात आहे, रोवणा चालू आहे.” मग मी स्कूटी काढली.

त्यांच्या शेतापाशी रस्ता संपतो. पुढं धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चपला हातात घेऊन चालावं लागलं. बांधीत, धानाच्या त्या खाचरात, पाण्यात बायांची ओळ वाकलेली, हातात धानाच्या रोपांच्या जुड्या. सरपंचबाई मधोमध होत्या. मला पाहून सरळ झाल्या. माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं, तरी त्यांनी विचारलं, “भंडाराच ना?”

“नागपूर,” मी ओरडून सांगितलं. “नागपूर लागलं ताई!”

त्या जागीच थांबल्या. हातातली जुडी त्यांनी टाकली नाही. ती आधी नीट रोवली, मग बांधीतल्याच पाण्यात हात धुतले आणि धुऱ्यावर येऊन बसल्या. ओळीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, “का झालं वो?” दुसरीनं सांगितलं, “आपली सरपंचबाई वकील होऊन राहिली!” आणि सगळ्या जणी हसत, चिखलाचे हात हवेत धरून, पाण्यातून आमच्याकडे आल्या. सरपंचबाई रडत होत्या. मीही.

त्या आता शेवटच्या वर्षाला आहेत. मागच्या महिन्यात त्यांच्या कॉलेजात खोट्या खटल्याची स्पर्धा होती, मुलांना सवय व्हावी म्हणून घेतात तशी. त्यांनी मला आग्रहानं बोलावलं. यजमानांनी रजा टाकली, मुलगीही आली. आम्ही तिघं शेवटच्या रांगेत बसलो. समोर विशी-पंचविशीतली पोरं, आणि काळ्या कोटात सरपंचबाई.

शेताच्या वाटेचा खटला होता. त्या मराठीत बोलल्या, कलमं इंग्रजीतून वाचली, एकही शब्द न अडखळता. न्यायाधीश झालेल्या सरांनी मध्येच उलट प्रश्न टाकला. सरपंचबाई म्हणाल्या, “त्याचं उत्तर देते, पण आधी माझा मुद्दा पूर्ण करू द्यावा.” सरांनी मान हलवली. माझ्या शेजारी यजमान गुडघ्यावर मुठी ठेवून असे बसले होते, जणू निकाल खरोखरच लागणार आहे.

पहिला नंबर एका तरतरीत मुलीचा आला, दुसरा सरपंचबाईंचा. बाहेर आल्यावर त्या आधी चूक कुठं झाली तेच सांगत सुटल्या. मी ऐकत होते आणि माझा ऊर भरून आला होता. एवढ्या वर्षांत कितीतरी पोरांचे अंदाज मी बरोबर सांगितले, कितीतरी चुकले. पण इतकं ताठ मानेनं मी कुठल्याच कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडले नव्हते.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत निघालो. गर्दी होती, चौघांत दोनच जागा मिळाल्या. एक मला दिली, दुसरी त्यांना. मुलगी दाराशी उभी राहून कुणा मैत्रिणीला फोनवर सांगत होती, “हव, माही आईच. दुसरा नंबर.” गाडी वरठीला लागेपर्यंत ती तेच, वेगवेगळ्या मैत्रिणींना, पुन्हा पुन्हा सांगत राहिली.