किल्ल्यावर तोंड गोड

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. मगच चहा ओता. आणि ही गोष्ट या टेबलावरून उठता कामा नये. तशी ती उठलेलीच आहे म्हणा, कोर्टाच्या बार रूममध्ये माझ्या आधी पोचली होती. पण आपलं सांगून ठेवलेलं बरं.

मी धारवाडचा वकील, हे तुम्हाला माहीतच आहे. दिवसभर दुसऱ्याला 'पुरावा काय? पुरावा काय?' विचारून हैराण करणारा माणूस. आणि पोटच्या पोरीच्या सोयरिकीत मी बिनपुराव्याचं असं काही करून बसलो, की अजून सकाळी दात घासताना आरशात बघायची लाज वाटते. थट्टा नाही करत. खरंच लाज वाटते हो.

आमची मुग्धा हुबळीत नोकरीला. तिथंच तिला समीर देसाई भेटला. पोरांचं आपापसात जमलेलं होतं, दोन्ही घरांनी हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं. आमचा होकार तर मुग्धानं नाव सांगितलं तेव्हाच झाला होता. प्रश्न होता देसायांचा. समीरचे वडील कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेले. रानातली जनावरं, पक्षी, त्यांची बिळं, त्यांची घरटी, हाच संसार. त्यांचा निरोप आला, "कांदेपोहे नकोत. रविवारी सकाळी किल्ल्यावर फिरायला चला. माणूस डोंगर चढताना कळतो."

आमची बायको सुमन म्हणाली, "डोंगरावर साडी कुठली नेसायची, तेवढं विचारा त्यांना!"

नरगुंदकडं जाताना आडवाटेला हा किल्ला. किल्ला म्हणजे काय, दोन बुरूज, पडकी तटबंदी आणि माथ्यावर मारुतीचं देऊळ. गावचे लोक त्याला नुसतं 'गुड्ड' म्हणतात, म्हणजे डोंगर. गाडी चालवता चालवता मुग्धानं मला तंबी दिली.

"अप्पा, एक ऐका. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. ते सावकाश विचार करणारे लोक आहेत. तुम्ही आपण होऊन 'ठरलं' म्हणायचं नाही. आणि मुलीचा बाप म्हणून वाकायचं नाही. पिशव्या उचलायच्या नाहीत, आग्रह करायचा नाही. माझं सगळं आज यावर आहे."

"मी? मी कधी वाकतो?"

मागून सुमन खोकली.

पायथ्याशी देसाई मंडळी आमच्या आधी हजर. देसाईसर, त्यांच्या मिसेस, म्हणजे वहिनी, आणि समीर. नमस्कार-चमत्कार झाले. बघतो तर देसाईसर गळ्यात दुर्बीण, खांद्याला कापडी पिशवी अडकवून तरातरा पुढं निघालेसुद्धा. थोडं वर गेल्यावर एका खडकाआड खाली बसले. मी लगेच तोंड फिरवलं. माणसाला लागते एखाद्या वेळी, वयही झालंय. सुमनला म्हटलं, "तू तो बुरूज बघ." पुढं आणखी एका खडकाआड बसले. मी पुन्हा बुरूज दाखवला. मनात म्हटलं, यांना एखादा चांगला डॉक्टर सुचवायला पाहिजे, पण सोयरीक झाल्यावर.

मग सगळे एकत्र चढू लागलो. तटावर एक घोरपड ऊन खात पसरली होती. खालच्या झुडपांत मोर ओरडत होते. देसाईसर हळू आवाजात एकेक दाखवत होते, आणि मी प्रत्येकाला "वा! वा!" करत होतो. खरं सांगू? माझं सगळं लक्ष त्या पिशवीवर. मुलाचा बाप खांद्यावर ओझं घेऊन चढतोय आणि मुलीचा बाप हात हलवत मागं! माझ्या वडिलांनी हे बघितलं असतं तर माझा तिथंच कडेलोट केला असता. मुग्धा जरा पुढं गेल्यावर मी पिशवी धरली.

"छे छे, बेडरी!" ते म्हणाले. नको हो, नको.

"द्या की सर, आम्हालाही सेवेची संधी!"

शब्द तोंडातून गेला आणि मला मुग्धाची आठवण झाली. पण आता पिशवी हातात आली होती. "बरं, मग जपून घ्या," देसाईसर म्हणाले, "धक्का लागला तर चुरा होईल."

चुरा? आता पिशवीत काय आहे बघायचं नाही, एवढं मला कळतं. मी बघितलं नाही. पिशवीचं तोंड उघडं होतं, त्याला मी काय करू? आत पेढ्याचा बॉक्स! दोरा गुंडाळून, नीट गाठ मारून.

आता तुम्हीच सांगा. आपल्या गावात पोर पास झालं की पेढा, गाडी घेतली की पेढा, केस जिंकली की पेढा. मग वरपक्ष पेढ्याचा बॉक्स घेऊन, मुलीकडच्यांबरोबर, मारुतीच्या देवळाकडं चढतोय, याचा अर्थ काय? होकार! वर देवासमोर तोंड गोड करायचा बेत! कुठल्याही जज्जानं हे मान्य केलं असतं. माझे डोळेच भरून आले.

सुमनला गाठून कानात सांगितलं. तिनं पदर डोळ्याला लावला. म्हटलं, "कुणाला सांगू नकोस हं."

"नाही हो, मी कुणाला सांगणार?"

मी जरा पुढं जातो तर मागून सुमनचा फोनवर आवाज, "अक्का, ठरलं गं!"

"सुमे! कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं ना?"

"अक्का काय 'कुणी' आहे का?"

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. हुबळीत लॅमिंग्टन रोडजवळ राहते. तिला एक गोष्ट सांगितली की गावात वेगळी दवंडी पिटवावी लागत नाही.

इकडं देसाईसर एका कपारीसमोर थांबले होते. "वकीलसाहेब, ही तरसाची गुहा. तरस हाडं चावून खातं बरं का, चुना सगळा पोटात जातो. त्यामुळे त्याची..."

"वा! वा! पण ते सावकाश बोलू, आधी देवदर्शन!" असं म्हणून मी त्यांना पुढं घातलं. घाई झाली होती ना मला! शहाण्या माणसानं वाक्य पूर्ण ऐकून घेतलं असतं.

माथ्यावर पोचतोय तोवर मुग्धाचा फोन वाजायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. तिनं फोन बघितला आणि पांढरीफटक पडली. मला बाजूला घेतलं.

"अप्पा, मावसभाऊ अभिनंदन म्हणायलेत. कशाबद्दल?"

"काय की बाई," मी म्हटलं. पंचावन्न पार केलेला माणूस, पोरीशी धडधडीत खोटं बोललो!

आता मात्र माझा धीर सुटला. गावभर झालं आणि देसाईसर आपले दुर्बीण लावून आभाळातली गिधाडं बघताहेत! म्हटलं, भिडस्त माणूस आहे, विषय काढायला लाजतोय. आपणच वाट मोकळी करून देऊ. बॉक्स काढला, मारुतीच्या पायाशी ठेवला, हात जोडले. दोरा सोडला. झाकण उघडलं.

तपकिरी, ओबडधोबड गोळे, वरून पांढरी भुकटी. अस्सल धारवाडी! जरा वाळलेले वाटले, वासही थोडा कुबट आला. पण वरपक्षाच्या पेढ्याला नावं ठेवायची असतात का?

एक उचलला आणि गेलो देसाईसरांसमोर. "व्याही, तोंड गोड करा!"

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. माझ्या हाताकडं बघितलं. "अयय्यो! बेडरी! बेडरी!"

आता मला सांगा, आपल्याकडं पहिल्या आग्रहाला कोण हो म्हणतं? 'नको नको' म्हणायचं, तोंड फिरवायचं, मग यजमानानं हात धरून भरवायचा, ही तर रीत आहे! मी आणखी पुढं झालो. ते मागं सरकले. मी हात धरला, ते हात सोडवून पळाले. देवळाला आमची प्रदक्षिणाच सुरू झाली. पुढं प्राणिशास्त्राचे प्रोफेसर, मागं मी.

"अहो वकीलसाहेब, ते पेढे..."

"काही ऐकणार नाही! शुगर आहे का? अर्धा घ्या!"

"भावजी, टाका तो हातातला!" वहिनी किंचाळल्या.

"टाकायचा कसा? देवापुढं ठेवलाय!"

"अप्पा!" मुग्धा.

"काका, काका, थांबा!" समीर.

कुणी ऐकेना, कुणी घेईना. मला वाटलं, मीच खाल्ल्याशिवाय यांचा संकोच मोडणार नाही. "तुम्ही नाही तर मुलीचा बाप तरी खाईल!" म्हटलं आणि टाकला तोंडात.

चावला.

साखर नव्हती. खडू होता. आणि मग जिभेला काहीतरी लागलं. केस!

देसाईसर धापा टाकत म्हणाले, "ते... तरसाचं आहे."

"तरसाचं काय?"

शेवटी समीर बुटांकडं बघत पुटपुटला, "विष्ठा, काका. बाबा अभ्यासासाठी गोळा करतात. घरात रिकामे बॉक्स पेढ्याचेच असतात."

म्हणजे ते खडकाआड बसत होते ते यासाठी! अरे देवा! मी तटाकडं धावलो. थुंकलो, ओकलो, सगळ्यांच्या बाटल्यांतलं पाणी चूळ भरून संपवलं. मारुतीचे पाय वहिनींनी देवळामागच्या टाक्यातल्या पाण्यानं धुतले. देसाईसर मागं येऊन काळजीनं विचारत होते, "गिळलंत किती?" मी म्हटलं, "थोडंसंच." त्यावर ते हळहळले, "त्याच तुकड्यात हरणाचे केस स्पष्ट दिसत होते हो."

तेवढ्यात सुमनचा फोन वाजला. स्पीकर चुकून लागला होता. अक्का! "काय गं, पेढे कसे होते?"

त्या क्षणी मला तरसाच्या गुहेत जाऊन राहावंसं वाटलं. पण ती लाज काहीच नाही. खरी लाज पुढं होती. मुग्धा तटावर पाठमोरी बसली होती. मी जवळ गेलो. तिच्या नजरेला नजर देता येईना.

"चुकलो गं बाळ."

"तुम्ही काय खाल्लं त्याचं काही नाही अप्पा," ती म्हणाली. "माझं लग्न ठरल्याचं माझ्याआधी अक्कामावशीला कळलं. आणि ठरलेलं तर नव्हतंच. आता हे लोक नाही म्हणाले तर मी हुबळीत तोंड कुठं दाखवू?"

मी तसाच वळलो आणि देसाईसरांसमोर जाऊन उभा राहिलो. वाकायचं नाही असं ठरलेलं, पण हात आपोआप जोडले गेले.

"सर, वेडेपणा माझा. पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला माझ्यावरून जोखू नका."

देसाईसर काही बोलायच्या आत वहिनींना जे हसू फुटलं! दाबून दाबून ठेवलेलं असणार. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. "अहो, हे गेली कित्येक वर्षं हे असलं घरी आणतात. मी नाकाला पदर लावते, शेजारी दार लावून घेतात. एवढ्या प्रेमानं कुणी घेतल्याचं पहिल्यांदाच बघितलं!"

मग देसाईसरही हसले. म्हणाले, "वकीलसाहेब, आम्ही चार दिवस विचार करणार होतो. पण आमच्या घरचं एवढं गोड मानून घेणारी माणसं आम्हाला पुन्हा कुठं मिळणार? आमचा होकार. पण विचारायचं मुग्धाला, तुम्हाला नाही."

सगळे मुग्धाकडं बघायला लागले. तिनं डोळे पुसले. समीरकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"होय," ती म्हणाली. "पण एका अटीवर. लग्नात अप्पांनी पंगतीत आग्रह करायचा नाही. कुणाच्या तोंडाजवळ हात न्यायचा नाही. वाढायलाच जायचं नाही."

अट सगळ्यांनी एकमतानं मंजूर केली. सुमननं तर दोन्ही हात वर केले.

लग्न झालं, झोकात झालं. पंगती बसल्या. ज्या क्षणासाठी मुलीचा बाप जन्मभर वाट बघतो, 'सावकाश होऊ द्या' म्हणत पानापानापुढं वाकायचं, 'माझ्या हातचा एक चिरोटा' म्हणत भरवायचं, तो क्षण आला, आणि मी मांडवाच्या खांबाला टेकून, हात पाठीमागं बांधून उभा! सुमन वाढतेय, मेहुणे वाढताहेत, अक्कासुद्धा वाढतेय. शेवटी वरपक्षाच्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांना राहवलं नाही. त्यांनी सुमनला हळूच विचारलं, "मुलीचे वडील लांब का उभे आहेत हो? या सोयरिकीवर नाराज आहेत का?"

सुमन चिरोट्यांचं ताट सावरत म्हणाली, "नाराज कुठले! तुमच्याकडचं सगळ्यांच्या आधी खाल्लंय त्यांनी."