दादाच्या मागचं चाक

सायकल क्लबात धाकट्याला सगळे 'शेपूट' म्हणायचे. म्हणणारे काही दुष्ट नव्हते. दर रविवारी डांबरी रस्त्यावर सगळ्यांच्या पुढे दादा आणि दादाच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर हा, हे ते वर्षानुवर्षं पाहत आले होते. पुढच्यानं वारा अंगावर घ्यायचा आणि मागच्यानं त्याच्या आडोशाला राहायचं, ही त्या खेळाची रीतच आहे. थोड्या वेळानं जागा बदलायची, हीसुद्धा रीतच आहे, पण ती दादाच्या गावीही नव्हती. धाकटा जरा बाजूनं पुढे सरकला की दादा मान न वळवता म्हणायचा, "मागेच राहा. वारा आहे."

त्यात धाक नसायचा, माया असायची, आणि खरी पंचाईत तीच होती. धाक असता तर निदान भांडता आलं असतं.

दुकानातही तेच. दुकान चष्म्यांचं, वडिलांनी घातलेलं. ते अचानक गेले तेव्हा दादा कॉलेज सोडून काउंटरमागे उभा राहिला, तो तिथलाच झाला. तो पुढे गिऱ्हाइकांशी बोलायचा, आणि धाकटा मागच्या बिनखिडकीच्या खोलीत मशीनवर काचा घासत बसायचा. संध्याकाळी नखांत पांढरा चिखल भरलेला असायचा. घर दुकानाच्या वरच. भाजी कुठली करायची इथपासून धाकट्याच्या मुलीला कुठल्या शाळेत घालायचं इथपर्यंत सगळं दादा ठरवायचा. बायकोनं विचारलं, "पण तुमचं काय म्हणणं आहे?" तर हा म्हणायचा, "दादाला विचारतो." मग ती कपाळाला हात लावायची.

अशात एक दिवस मुलीच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाई वेडावाकडा झालेला चष्मा घेऊन आल्या. हा त्यांचा नेहमीचा उद्योग होता. दादा जेवायला वर गेला होता म्हणून धाकटा बाहेर आला.

"बाई, चष्म्यावर बसता की काय तुम्ही?"

"बसत नाही, पडते," बाई हसत म्हणाल्या. "डोंगरात सायकल चालवते ना. तुम्ही पण चालवता म्हणे?"

"मी रस्त्यावर."

"मग या एकदा. माझी जुनी सायकल पडूनच आहे."

पुढच्या रविवारी दादाला सणकून ताप आला आणि धाकटा, मनात चोरासारखं वाटत असूनही, डोंगराच्या पायथ्याशी हजर झाला. आल्या आल्या त्यानं बाईंच्या सायकलीचे टायर पंप मारून दगडासारखे टणक केले. रस्त्यावर चालवणारा प्रत्येक जण हेच करतो, टायर टणक तेवढी सायकल पळते. इथे पहिल्याच उतारावर सायकल दगडांवरून चेंडूसारखी उडाली आणि हे महाशय थेट झुडपात. बाईंनी आधी पोटभर हसून घेतलं, मग दोन्ही टायरमधली बरीचशी हवा सोडली. "आणि चाकाकडे बघू नका," त्या म्हणाल्या. "जायचंय तिकडे बघा."

चाकाकडे न बघता सायकल चालवायची असते, हेच त्याला नवीन होतं. त्यानं मान वर केली. समोर कुणाचीच पाठ नव्हती. पायवाट झाडांमधून खाली पळत होती, टायर दगडांना दाबून घेत होते, वळणावर माती फवाऱ्यासारखी उडत होती. आपण मोठमोठ्यानं ओरडतोय हे त्याला खाली पोचल्यावर कळलं. बाई म्हणाल्या, "पुन्हा?" तो आधीच सायकल ढकलत चढायला लागला होता.

मग त्याची पाठ धरायला लागली. शनिवारी रात्री धरायची, रविवारी दादा क्लबाबरोबर निघाला की हा डोंगर गाठायचा, आणि दुपारी पाठ सुटायची. दादा बिचारा स्वतः मलम चोळून द्यायचा, आणि तेवढा वेळ धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण आठवड्यातली ती एक सकाळ त्याची स्वतःची होती, आणि ती सोडायला तो काही केल्या तयार नव्हता.

वहिनीनं धुण्यात त्याचे चिखलाचे मोजे पाहिले आणि बिंग फुटलं. धाकटा बोलणी खायच्या तयारीनं बसला. दादा मात्र रविवारी डोंगराच्या पायथ्याशी नवीकोरी सायकल घेऊन धाकट्याच्या आधी हजर झाला.

"एकटाच मजा मारतोस होय रे?" दादा म्हणाला. आणि उकिडवा बसून तो टायरमध्ये हवा भरू लागला. भरतच राहिला. अंगठ्यानं दाबून बघितलं, टायर जराही दबला नाही, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

धाकटा बघत होता. पहिल्याच उतारावर दादा झुडपात जाणार, हे त्याला दिसत होतं. फारसं लागणार नव्हतं, खाली गवत होतं. पण दादाला स्वतःचं हसं झालेलं खपत नसे. तो डोंगराला शिव्या घालत घरी गेला असता, पुन्हा इकडे फिरकला नसता. धाकट्याला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर त्याची हयात गेली होती.

दादानं हेल्मेट घातलं. मग धाकट्याजवळ येऊन त्याच्या हनुवटीखालचा पट्टा ओढून बघितला. "सैल बांधतोस," तो म्हणाला आणि घट्ट करून दिला.

धाकट्यानं डोळे मिटले, उघडले. स्वतःचा त्याला मनस्वी राग आला.

"थांब दादा. हवा जास्त झालीय," तो म्हणाला, आणि गुडघ्यावर बसून त्यानं व्हॉल्व्ह दाबला. एकेक टायर पाहिजे तेवढा मऊ होईपर्यंत त्यानं बोट काढलं नाही.

वाट एका सायकलीपुरतीच होती. पुढे कोण, हे कुणी विचारलं नाही. दादा पहिल्या उतारावर डगमगला, सावरला, आणि मग जो सुटला तो हसतच सुटला. धाकटा मागून ब्रेक दाबत दाबत उतरला.

खाली दादा गवतात आडवा पडला होता. तोंडभर माती, हसून हसून डोळ्यांत पाणी. वडील गेल्यापासून त्याला असं हसताना धाकट्यानं कधी पाहिलं नव्हतं. "इतकी वर्षं आपण काय केलं रे?" दादा म्हणाला. "क्लब गेला उडत. आता दर रविवारी इथेच. तू आणि मी."

धाकट्यानं हात पुढे करून त्याला उठवलं. "हो दादा," तो म्हणाला.