उताऱ्यातली आई

माझा स्वभाव मुळातच काळजीचा. दहिवलीहून शाळेला निघाले की गॅस बंद केला का हे बघायला मी कोपऱ्यावरून तरी परत येतेच, आणि टमटमवाला आता मला घ्यायच्या आधीच विचारतो, "बघून आलात ना बाई?" अशा बाईच्या हाती कुणी गुपित देऊ नये. पण आठवीतल्या एका मुलीच्या वडिलांनी ते दिलं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. हे गृहस्थ साजगावच्या एका कारखान्यात कामाला. पहिली पाळी सुटल्यावर थेट आले होते, हेल्मेट हातातच. शिक्षकखोलीत मी एकटीच वह्या तपासत होते.

"बाई, तिच्या आईला कॅन्सर झालाय," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "मुंबईला ट्रीटमेंट चालू हाय, म्हणून ती तिकडंच बहिणीकडं राहते, मी रविवारी जाऊन येतो. पोरीला आमी सांगितलंय की मावशीचं बाळंतपण हाय. वार्षिक परीक्षा होऊ दे, मग सांगू. तवर तिला कशावरनं कळू देऊ नका."

मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांचे डोळे झोप नसल्यासारखे लाल होते आणि दाढी अर्धीच केलेली होती. ते गेल्यावर मात्र वह्या तशाच राहिल्या. मी मराठी शिकवते, आणि वर्गात दिवसभर एकच प्रश्न विचारत असते, तो म्हणजे कशावरून? पात्र रागावलं आहे म्हणतोस, कशावरून? पाऊस पडून गेला आहे म्हणतेस, कशावरून? त्या मुलीला तर मी हा प्रश्न सहावीपासून विचारत आले होते.

त्यात भर म्हणजे अपठित उतारे. पाठ्यपुस्तकात नसलेला, मुलांनी आधी न वाचलेला मजकूर द्यायचा आणि त्यावर प्रश्न विचारायचे. गाइडमधल्या उताऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. एक झाडं लावा म्हणून सांगतो, दुसरा वेळेचं महत्त्व सांगतो, आणि पोरं तो न वाचताच प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधून ते वाक्य जसंच्या तसं उतरवून मोकळी होतात. म्हणून मी माझे उतारे स्वतः लिहिते. त्यात काहीतरी घडलेलं असतं, पण काय ते कुठेच सांगितलेलं नसतं. ते मुलांनी ओळखायचं आणि पुरावे द्यायचे. मुलं वैतागतात. मला मात्र या उताऱ्यांचा, खरं सांगायचं तर, थोडा गर्व आहे.

त्या दिवशी घरी येऊन मी सगळे उतारे काढून बसले. ज्यात दवाखाना होता तो बाजूला टाकला. ज्यात आजोबा औषध घेत होते तोही टाकला. एका उताऱ्यात कुणी कुणाला स्टेशनवर सोडायला जातं, तो सुद्धा नको वाटला. शेवटी एकच बरा उतारा हातात राहिला. मुलगा शाळेतून घरी येतो. कामाचा दिवस असून वडील घरात, अंगावर कंपनीचा गणवेश, पायात बूट तसेच. जेवणाचा डबा न उघडलेला. शेजारीण दारात येते, बघते, काही न बोलता परत जाते. आई चहा करते आणि त्यात साखर दोनदा घालते. मुलगा काही विचारत नाही, दप्तर खुंटीला अडकवतो आणि पाढे म्हणायला बसतो. वडिलांची नोकरी गेली आहे, हे त्यातलं न सांगितलेलं. आमच्या कारखान्यांच्या भागात हे ओळखायला कुणाला अवघड नाही.

पण त्यात आई होती. वर्गात आई हा शब्द मोठ्यानं वाचला गेला की पोरीला तिची आठवण यायची, चेहरा पडायचा, मैत्रिणी विचारायच्या, असं सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी आईला काढून टाकलं. चहा वडिलांना करायला लावला. साखरेचा डबा सापडत नाही म्हणून ते सगळे डबे उघडून बघतात, असं एक वाक्य घातलं. जीव भांड्यात पडला आणि वर माझं मलाच कौतुक वाटलं.

वर्गात मात्र माझं लक्ष तिच्यावरच. पूर्वी दोन घट्ट वेण्या असायच्या, आता घर सांभाळायला आलेली आत्या घालते ती एकच, दुपारपर्यंत सुटणारी. ती हसली तरी मला धास्ती वाटायची आणि गप्प बसली तरी वाटायची. तिला काही कळलंय का हे मी तिच्या तोंडावरून वाचायला बघत होते, आणि मला ते अजिबात वाचता येत नव्हतं.

उतारा वाचून झाला. घरात काय घडलं असावं, असं मी विचारल्यावर शेवटच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "बापाची नोकरी गेली." पुरावेही आले. गणवेश, बूट, न उघडलेला डबा. मी शाब्बास म्हणाले आणि फळ्याकडे वळणार तोच तिनं हात वर केला.

"बाई, नोकरी नाय गेली."

"कशावरून?" सवयीनं तोंडातून गेलंच.

"घरात आई नाय." ती उतारा बोटानं दाखवत होती. "बाप चहा करतो, पण त्याला साखर कुठं ते माहीत नाय. म्हंजे रोज तो करत नाय. रोज करणारी घरात नाय. आन् शेजारीण नुस्ती बघून जाते. नोकरी गेली असती तर ती आत येऊन बसली असती, कंपनीला शिव्या घातल्या असत्या. आजारपण असलं का माणसं बोलत नायत, बघून जातात."

"आई शेतावर गेली असंल गं," कुणीतरी म्हणालं.

"मग चहाला बाप तिची वाट बघंल ना. डबे कशाला उघडंल?"

वर्ग तिच्याकडे बघत होता. जिथून मी आईला ओढून काढलं होतं तिथली भोकं ती एकेक करून दाखवत होती. मी उतारा लिहिला होता, पण तो तिच्याइतका नीट वाचला नव्हता. तिथेच थांबायला हवं होतं, पण पुढचा प्रश्न मी आधीच फळ्यावर लिहून ठेवला होता. मुलाने वडिलांना काहीच का विचारले नाही?

"मार बसंल म्हणून," शेवटचा बाक म्हणाला आणि सगळे हसले.

ती हसली नाही. "त्याला सगळं माहीत हाय," ती म्हणाली. "विचारलं तर बापाला खोटं बोलावं लागंल. म्हणून तो पाढे म्हणतो."

मी बरोबर म्हटलं नाही आणि चूकही म्हटलं नाही. उरलेला तास मुलांना शुद्धलेखन घातलं. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला तरी ती बाकावरच होती. मी जवळ गेले तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "मावशीच्या बाळाचा एक पण फोटो नाय आला, बाई." मग म्हणाली, "पप्पांना सांगू नका. त्यांना वाटतं मला माहीत नाय. तेवढंच त्यांना बरं वाटतं."

आता माझ्याकडे दोन गुपितं झाली, आणि दोन्ही एकच. बाप मुलीला सांभाळत होता, मुलगी बापाला, आणि मुंबईत तिची आई पोरीला न बघता उपचार घेत होती. मला त्या माणसाचा राग आला, मग त्याची दया आली, मग स्वतःचाच संताप आला. भीती एकाच गोष्टीची होती. परीक्षेपर्यंत थांबू म्हणता म्हणता आईच राहिली नाही तर? हे वाक्य मनात आलं की मी दुसरं काहीतरी करायला उठायचे. डाळ निवडायचे, खिडक्या पुसायचे. कुणाला सांगावं तर शब्द मोडायचा, न सांगावं तर ते दोघं एकाच घरात असे किती दिवस राहणार होते?

शनिवारी अर्धी शाळा सुटताना ते फाटकाशी मोटारसायकल घेऊन उभे दिसले. मुलगी अजून वर्गात होती. मी जवळजवळ पळतच गेले.

"दादा, उद्या मुंबईला जाल ना? तिला बरोबर न्या."

त्यांचा चेहरा उतरला. "का? तुमी बोललात काय तिला?"

"नाही."

"मग कोण बोललं?"

"कुणीच नाही," मी म्हणाले. "तिला वाचता येतं."

ते गाडीचं हँडल धरून तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता हे माझ्यावर ओरडणार, आणि ओरडले असते तर मी ऐकूनही घेतलं असतं. तेवढ्यात ती दप्तर सावरत आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांनी तिचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला लावलं. आठवीतल्या मुलीचं दप्तर बाप कधी उचलत नाही. ती काही न विचारता मागे बसली, आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच तिनं त्यांच्या पाठीला डोकं टेकवलं.

रविवार मी कसा काढला ते सांगण्यात अर्थ नाही. सोमवारी ती शाळेत आली ती रात्रभरात थोडी सैल झालेली एकच वेणी घालून, पण ही वेणी वेगळी होती, वरून आवळलेली.

"काल आईनं घातली," ती म्हणाली. "दम खात खात. तिचे केस गेलेत, टोपी घालते." मग म्हणाली, "मी तिला उतारा सांगितला. सगळा. ती लई हसली, आन् मग रडली. बोलली, बाईंना सांग, पुढच्या टायमाला मला पन त्यात घाला."

"घालते," मी म्हणाले. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून तिला हजेरीपट आणायला पाठवलं.

वार्षिक परीक्षा आता तोंडावर आली आहे. उपचार अजून चालू आहेत. तिची आई बरी होईल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. दर सोमवारी मुलगी वर्गात शिरली की मी आधी तिची वेणी बघते. आठवीचा उतारा लिहायला घेतला आहे. मुलगा नाही, या खेपेला मुलगी आहे. ती शाळेतून घरी येते, दार उघडं आहे, आणि ओट्याशी आई मोड आलेले वाल सोलत बसली आहे. इथपर्यंत लिहून झालं आहे. पुढचं वाक्य लिहायला माझा हात होत नाही, म्हणून मी रोज उताऱ्यातल्या आईपुढे आणखी थोडे वाल टाकते.