मामाचा ओटा

बाळांनो,

तुमचे पत्र आणि फोटो मिळाले. छोटी होडी भाड्याने घेऊन तुम्ही बेटे हिंडता, आवडेल त्या वाळूवर उतरता, तोंडाला काच आणि नळी लावून पाण्याखालचे मासे पाहता, हे वाचून आनंद झाला असे मी लिहायला हवे. त्याआधी एक हकिगत सांगते. नोकरीतली पुष्कळ प्रकरणे मी विसरले. या प्रकरणातला एक साधा, घरगुती शब्द मात्र अजून कुणी उच्चारला की हातातले काम थांबते. नावे कुणाचीच लिहीत नाही.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतेच झाले होते. नंदुरबार धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता आणि मी धुळ्याला फौजदार होते. बाई फौजदार पाहायला लोक ठाण्याच्या दारात थांबत. दारूबंदीच्या मोहिमेत बायकांची झडती घ्यायला बाई लागे, म्हणून दिवाळीत माझी रवानगी तापीकाठच्या एका लहान ठाण्यावर झाली. माझे शिक्षण इंग्रजीतून, घरची भाषा पुस्तकी मराठी. तिथली अहिराणी मला जेमतेम कळे. पण मी लिहून घेतलेला जबाब मुद्देसूद असे, अक्षर स्वच्छ असे, आणि मला त्याचा अभिमान होता.

खबऱ्याने खबर आणली की एक भोईण रोज आपल्या डोंगीतून रबरी नळ्या बेटावर नेते. रबरी नळी म्हणजे हातभट्टी, हे ठाण्यात कुणाला शिकवावे लागत नसे. भाऊबीजेच्या सकाळी आम्ही घाटावर दबा धरून बसलो. साडेदहाच्या सुमारास ती एकटीच वल्हवत आली. साठीची, काटक बाई. डोंगीत जाळे, भाकरीचे फडके आणि हातभर रबरी नळी. दारूचा थेंब नाही, वासही नाही. तरी नळी सापडली होती. पंचनामा केला, डोंगी घाटावर ओढून साखळीने बांधली, कुलपावर लाखेचे सील लावले. वल्ही मुद्देमालाच्या खोलीत गेली.

जबाब मीच घेतला.

"नळी कुणाची?"

"त्या पोऱ्यानी."

"कुठे आहे तो?"

"मामाकडे. बाई, माले जाऊ द्या. त्याले लेवाले जावानं शे. दुपार व्हयी ऱ्हायनी."

आमचे हवालदार त्याच भागातले, मिशा पिळत हसले. "भाऊबीज शे ना आज, बाई! हिले भाऊकडनं जेवण चुकाडवानं नही."

मी तिला समजावले. "मुलगा मामाकडेच आहे ना? मग काळजी कसली? घरचंच माणूस आहे ते."

ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. गुन्हा उघडा पडल्यावर माणूस असाच पाहतो, असे मी मनात म्हटले.

"मामाचं नाव सांग."

तिने पदर तोंडावर दाबला. "नाव लेवानं नही. नाव लिधं का तो येस."

"भाऊले वाचाडी ऱ्हायनी," हवालदार म्हणाले.

ती भावाला वाचवते आहे, असे मलाही वाटले. मी लिहिले: आरोपीचा मुलगा आपल्या मामाकडे गेला आहे. आरोपी भावाचे नाव सांगण्यास नकार देते. मग तिच्या भावाचा तपास करायला एक शिपाई तिच्या माहेरच्या गावी पाठवला आणि जबाबाखाली तिचा अंगठा घेतला. ठसा फिसकटला. मी तो पुन्हा घेतला. स्वच्छ हवा होता मला.

एक गोष्ट तेव्हाच ध्यानात यायला हवी होती. खोटे बोलणारा माणूस दर खेपेला थोडे निराळे बोलतो. ही बाई तेच वाक्य, त्याच शब्दांत, दुपारभर म्हणत होती. "माले जाऊ द्या. पोऱ्या मामाकडे एकला शे."

तीन वाजता वरच्या तालुक्यातून तार आली. तिकडे मोठा पाऊस झाला होता, नदीला पाणी येणार होते. आमच्याकडे आभाळ निळेभोर होते. काठच्या गावांत दवंडी द्यायचा हुकूम मी मोठ्याने वाचून दाखवला. तो कोठडीत ऐकू गेला आणि आतून किंकाळी आली. भोईण गजांवर डोके आपटत होती.

"नाटकं शेतस," हवालदार म्हणाले. पण या वेळी त्यांनी मिशीला हात लावला नाही.

साडेचारला गावच्या शाळेतल्या मास्तरीणबाई आल्या. विधवा बाई, एकुलता एक मुलगा मुंबईला कॉलेजात शिकत होता. तो सकाळी नदीवर गेला होता, सणाचे पान वाढून ठेवले तरी परतला नव्हता. हे सांगता सांगता त्यांची नजर माझ्या टेबलाकडे गेली.

"ही नळी इथं कशी? ही माझ्या मुलाची."

"तुमच्या मुलाची?"

"तोंडात धरून तो पाण्याखाली बघतो. डोळ्यांवर काच बांधतो. आठ दिवस झाले, भोईणीची डोंगी भाड्यानं घेतो आणि एकेक बेट हिंडतो. कुठली वाळू चांगली, कुठल्या डोहाचं पाणी नितळ, सगळं वहीत लिहितो. ही नळी चिरली होती, म्हणून काल दुसरी केली."

माझी हातभट्टी तिथेच विझली. पण मला हायसे वाटले. "मग घाबरू नका. तो मामाकडे आहे. भोईणीनंच सांगितलंय."

"कुणाच्या मामाकडे?"

"त्याच्या."

बाईंनी टेबलाची कड धरली. "मला भाऊ नाही हो. दरवर्षी आजच्या दिवशी मी चंद्राला ओवाळते."

मी उठून कोठडीशी गेले. जो प्रश्न सकाळी विचारायला हवा होता, तो आता विचारला.

"मामाचं घर कुठं आहे?"

"नदीमा," भोईण म्हणाली. तिने दोन्ही मनगटे एकमेकांना चिकटवली, तळवे ताणून उघडले आणि हळूहळू मिटले.

मगर. नदीवरची माणसे तिचे नाव घेत नाहीत, मामा म्हणतात. बेटाच्या टोकाला काळा खडक आहे, तो मामाचा ओटा. "सकायले तो नही ऱ्हास. दुपारले तठे ऊन खावाले येस. मी सांगं व्हतं त्या पोऱ्याले, मामाना ओटा शे, दुपारना आत निंघानं. तो हासना." ओट्याजवळचे पाणी सगळ्यात नितळ, म्हणून त्याने तिथेच उतरायचा हट्ट धरला होता. दुपारच्या आत ती त्याला आणायला जाणार होती. दुपारच्या आत तिलाच मी कोठडीत आणले होते.

भोईणीला बाहेर काढून, वल्ही घेऊन आम्ही घाट गाठला. तिथल्या बाकीच्या डोंग्या सणाच्या माणसांना घेऊन पलीकडे गेलेल्या. होती ती एकच, साखळीत.

"बाई, सील शे," हवालदार म्हणाले. "तोडानं ते पंच लागतीन."

"पंच तिकडं बेटावर अडकलाय," मी म्हटले, दगडाने लाख फोडली आणि कुलूप काढले.

मला पोहता येत नव्हते. तरी मी हवालदारांबरोबर डोंगीत बसले, कारण जबाबाखाली सही माझी होती. पाणी गढूळ झाले होते, त्यावर काटक्या आणि फेस वाहत येत होता. लाटा नव्हत्या, आवाजही नव्हता. काठावर घाटाची एक पायरी दिसत होती, वळून पाहिले तर नव्हती. मी डोंगीची कड घट्ट धरली होती. भोईण वल्हे न थांबवता म्हणाली, "हात मझार लई ल्या, बाई." त्यानंतर मी दोन्ही हात आत घेऊन मांडीवर ठेवले आणि ते एकमेकांत इतके घट्ट धरले की नखे रुतली.

बेटाची वाळू बुडाली होती. खडकाचा वरचा माथा तेवढा कोरडा होता आणि त्यावर मामा पडला होता. मी आधी त्याला ओंडका समजले. खालच्या उतरणीवर, दहा हातांवर, मांडीभर पाण्यात तो मुलगा उभा होता. डोळ्यांवर काच तशीच. त्याने आम्हाला पाहिले, पण हाक मारली नाही, हातही हलवला नाही. दुपारपासून तो असाच उभा होता. पाणी चढत होते आणि वर सरकायला जागा एकच होती.

भोईणीने डोंगी आडवी घातली. आवाज न चढवता, अंगणातल्या माणसाशी बोलावे तशी ती खडकाकडे पाहून बोलली, "भाऊ, पाव्हना शे मन्हा. जाऊ दे त्याले."

मामा हलला. सावकाश, पोटावर सरकत तो पाण्यात उतरला आणि नाहीसा झाला.

बाळांनो, खरी भीती मला तेव्हा कळली. वर होता तोवर निदान दिसत होता. आता मुलापासून डोंगीपर्यंत चार पावले गढूळ पाणी होते. त्याने मान वाकवून काच पाण्याला लावली, पुन्हा वर केली. त्याच्या तोंडावरून कळले की खाली काहीच दिसत नाही. हवालदारांनी वल्हे पुढे केले. त्याने पहिले पाऊल टाकायला किती वेळ घेतला, ते मला सांगता येणार नाही. ती चार पावले मी आजही मोजते.

त्याला डोंगीत ओढले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मला वाटलं, तिचा मामा."

घाटावर मास्तरीणबाई ताट घेऊन उभ्या होत्या. चंद्राची कोर मावळून गेली होती. बाई हातातल्या ताटाकडे पाहत राहिल्या, तेव्हा हवालदार टोपी सारखी करून पायरीवर बसले. "चंद्र गया ते जाऊ द्या, ताई. मी शे ना." बाईंनी ओवाळले, तेव्हा ताटाला भोईणीनेही खालून हात लावला.

भोईणीला मी त्याच संध्याकाळी सोडले. जबाब फाडता येत नाही, म्हणून त्याखाली लिहिले: मामा म्हणजे मगर. समजण्यातली चूक माझी. वरिष्ठांनी खुलासा मागितला, तो मी दिला. त्यानंतर मी जबाब माणसाच्या स्वतःच्या शब्दांत लिहून घेऊ लागले, आणि जो शब्द सगळ्यात सोपा वाटे त्याचाच अर्थ आधी विचारू लागले. अवघड शब्दाशी आपण थांबतो. सोप्या शब्दावरून पुढे निघून जातो.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ. होडी देणारा म्हातारा एका किनाऱ्याचे नाव घेऊन हातांनी काहीतरी करून दाखवतो, त्याची भाषा तुम्हाला कळत नाही, पण माणूस मोठा गमतीदार आहे, असे तुम्ही लिहिले आहे.

तो हातांनी नेमके काय करून दाखवतो? उलट टपाली कळवा. तोवर त्या किनाऱ्यावर उतरू नका.